डोंगरातल्या तळ्याला विचारायचे तीन प्रश्न

सह्याद्रीत भरपूर भटकला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. किंवा ती इतकी अंगवळणी पडली असेल की कधी लक्षातच आली नसेल. आपल्या डोंगरांत नैसर्गिक तळी जवळपास नसतातच. गडांवर पाण्याची टाकी असतात, पण ती माणसांनी कातळात खोदलेली. घाटमाथ्यावर मोठाले जलाशय दिसतात, पण ते धरणांचे. पावसाळ्यात सड्यांवर डबकी साचतात आणि दिवाळीनंतर आटून जातात. उंच कड्याच्या पोटाशी, कुणीही न खोदलेलं, बारमाही निळंशार तळं मात्र ना कळसूबाईला भेटतं, ना हरिश्चंद्रगडाला.

आता तुमच्या ओळखीतल्या कुणी काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक केला असेल, तर त्यांचे फोटो आठवा. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल. एका आठवड्याच्या चालीत तळ्यांमागून तळी. मागे कडा, पुढे पाणी, पाण्यातून निघणारा ओढा. प्रत्येक तळ्याची ठेवण जवळपास सारखीच.

हा फरक कशामुळे? पावसामुळे तर नक्कीच नाही, पाऊस सह्याद्रीत धो धो पडतो. उंचीमुळे? अर्धंच बरोबर. खरं उत्तर आहे बर्फ. आज दिसणारा नव्हे, हजारो वर्षांपूर्वी वितळून गेलेला. तळ्यांच्या तळाशी साचलेला गाळ हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. "गाळात काय बघायचं?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर आज चालता चालता देते. त्यासाठी तुम्हाला एका गोल वाटेवर नेणार आहे. ही वाट उत्तर वेल्समध्ये आहे आणि एका दिवसात संपते. तिच्यावर चार छोटी तळी लागतात. आणि जगातल्या सर्वात चौकस माणसांपैकी एक जण इथे तासन्‌तास फिरला, पण समोरची गोष्ट त्याला दिसली नाही.

वाट कोणती

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स, आणि वेल्सच्या वायव्येला एरिरी नावाचा डोंगराळ प्रदेश. इंग्रजीत त्याला स्नोडोनिया म्हणत. 2022 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने वेल्श नावंच वापरायचं ठरवलं. सर्वात उंच शिखर अर विद्वा, म्हणजे जुन्या नकाशांतलं स्नोडन, 1085 मीटर. आकड्यावर जाऊ नका. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे उंचीत आपणच वरचढ. पण इथले अक्षांश 53 अंश उत्तर आहेत, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

सुरुवात ओग्वेन तळ्याच्या पश्चिम टोकाशी, हमरस्त्याला लागूनच. पहिलं तळं इथेच, गाडीतून उतरल्या उतरल्या. तिथून दगडी पायवाटेने अर्ध्या-पाऊण तासात लिन इद्वल. ‘लिन’ म्हणजे तळं. या शब्दातला ‘ल’ आपल्याकडे नाही. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि आवाज न काढता नुसती हवा सोडायची, की जमतो. तळ्याला फेरी मारून परत यायचं असेल तर सगळे मिळून साधारण पाच किलोमीटर, दोन-तीन तासांचं काम. लहान मुलांना घेऊनही जाता येतं.

मोठी फेरी हवी असेल तर तळ्याच्या मागच्या कड्यातल्या घळीजवळून वर चढायचं. खिंडीत तिसरं तळं लागतं, लिन अ कून, म्हणजे ‘कुत्र्यांचं तळं’. तिथून घसाऱ्याची चढण चढून ग्लिडर वाउर (1001 मीटर), माथ्यावरून चालत ग्लिडर वाख (994 मीटर), मग बुल्ख ट्रवन या खिंडीत उतरून चौथं तळं, लिन बोख्लुइड. तिथून ओढ्याच्या कडेकडेने परत ओग्वेनला. सुमारे दहा किलोमीटर, पण चढ-उतार भरपूर, म्हणून पूर्ण दिवस धरा. माथा सगळा सुट्या धोंड्यांचा आहे आणि धुकं कधी येईल याचा नेम नाही. तेव्हा नकाशा आणि होकायंत्र हवंच, आणि ते वापरताही यायला हवं. हिवाळ्यात बर्फ असताना ही मोठी फेरी साध्या बुटांनी करायची नाही.

आता चालायला लागू. प्रत्येक तळ्यापाशी तीनच प्रश्न विचारायचे. हा खळगा कुणी खणला? पाणी कशाने अडलं? आणि तळाशी काय साचलंय?

खळगा कुणी खणला

लिन इद्वलच्या काठावर पोचलात की तुम्ही एका प्रचंड कढईच्या तोंडाशी उभे असता. तीन बाजूंना कडे, चौथी बाजू उघडी. वेल्शमध्ये अशा जागेला ‘कुम’ म्हणतात, म्हणून ही कुम इद्वल. शाळेच्या भूगोलात आपण हाच शब्द ‘हिमगव्हर’ असा पाठ केला होता. पाच मार्कांच्या टिपेपलीकडे तो आपल्या उपयोगी पडला नाही, कारण बघायला हिमगव्हर होतंच कुठे?

ते तयार कसं होतं ते बघा. डोंगराच्या उतारावर एखादा साधा खळगा आहे. त्यात हिवाळ्यात बर्फ साचतो आणि उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर. दडपून दडपून भुसभुशीत बर्फाचा घट्ट बर्फ होतो. जाडी काही दहा मीटरच्या वर गेली की तो स्वतःच्याच वजनाने सरकायला लागतो. आता ती हिमनदी झाली. सरकताना ती नुसती खाली घसरत नाही, तर खळग्यात किंचित गोल फिरते. म्हणजे मागच्या बाजूने खाली दबते आणि पुढच्या बाजूने वर येते. तिच्या तळाला अडकलेले दगड-गोटे पॉलिश पेपरसारखे कातळ घासतात. मागच्या कड्याच्या भेगांत पाणी शिरून गोठतं. गोठताना पाण्याचं आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे भेगा रुंदावतात आणि दगड निखळतात. मागची भिंत उभी होत जाते, मधला भाग खोल होतो. पुढच्या तोंडाशी बर्फ पातळ असतो, घासणं कमी होतं, म्हणून तिथे कातळाचा उंबरठा शिल्लक राहतो.

बर्फ वितळला की त्या कढईत पाणी भरतं. झालं तळं.

सह्याद्रीत हे का झालं नाही, हे आता सांगायला नको. हिमयुगातही आपल्याकडे उन्हाळाभर टिकेल असा बर्फ कधी साचला नाही. आपले कडे पाण्याने कापले, आणि पाणी खालच्या दिशेने कापतं. ते दरी करतं, कढई करत नाही. म्हणून आपल्याकडे पाणी धरायचं तर छिन्नी-हातोडा घेऊन टाकं खोदावं लागलं.

जाता जाता आणखी एक तपासून बघा. या डोंगररांगेच्या कढया जवळपास सगळ्या उत्तर आणि ईशान्येकडे तोंड करून आहेत. मोठ्या फेरीत माथ्यावर गेलात की हे लख्ख दिसतं. डावीकडे, उत्तरेला, तुटलेले कडे. उजवीकडे, दक्षिणेला, त्या मानाने सौम्य गवताळ उतार. कारण सोपं आहे. उत्तरेच्या उतारावर ऊन कमी. शिवाय इथला मुख्य वारा नैर्ऋत्येचा. तो माथ्यावरचा भुरभुरा बर्फ उडवून पलीकडच्या, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. मागच्या दाराने झाडलेला कचरा पुढच्या अंगणात साठावा, तसा. हिमनद्या तिथेच वाढल्या.

पाणी कशाने अडलं

लिन इद्वलच्या पश्चिम काठाने चालताना वाट गवताळ टेकाडांमधून जाते. चार-पाच मीटर उंचीची, वेडीवाकडी, एकामागे एक. आपल्याला वाटावं, कुणी माती उपसून ढीग टाकलेत. ढीगच आहेत ते, फक्त टाकणारी हिमनदी होती. हे ‘हिमोढ’. हिमनदी वाटेतले सगळे दगड-माती घेऊन येते आणि जिथे वितळते तिथे टाकून देते. पाण्याने वाहून आणलेला गाळ आकारानुसार निवडलेला असतो. वाळू एकीकडे, गोटे एकीकडे. हिमनदी मात्र काहीच निवडत नाही. पिठासारखी माती आणि बैलगाडीएवढा धोंडा एकाच ढिगात.

काठाजवळ काही अजस्र धोंडे आहेत, तडकलेले, फुटून एकमेकांशेजारी पडलेले. वाटेत असे कातळही दिसतील, ज्यांची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत तुटकी आहे. त्या मेषशिला. गुळगुळीत बाजूकडून हिमनदी आली आणि तुटक्या बाजूकडे गेली. कातळावर हात फिरवलात तर समांतर ओरखडे लागतात. भांडं घासताना तारेची घासणी जोरात फिरवली की उमटतात तसे.

म्हणजे या एका कढईत चार पुरावे आहेत. उंबरठा, ढीग, धोंडे आणि ओरखडे. लपलेलं काहीच नाही. सगळं उघड्यावर पडलेलं.

बावीस वर्षांच्या तरुणाला काय दिसलं

ऑगस्ट 1831. केंब्रिजचे भूशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक वेल्सच्या दौऱ्यावर होते. सोबत नुकताच पदवी घेतलेला एक तरुण, चार्ल्स डार्विन. वय बावीस. दोघांनी कुम इद्वलमध्ये कित्येक तास घालवले. खडक बारकाईने तपासले, कारण त्यांना त्यात जीवाश्म सापडतात का ते बघायचं होतं.

तो शोध चुकीचा नव्हता. इथले खडक साधारण 45 कोटी वर्षांपूर्वीचे. ज्वालामुखीची राख आणि समुद्रतळाचा गाळ यांचे हे थर. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे लहान भाऊ. आपल्याकडे लाव्हाचे थर वहीच्या पानांसारखे आडवे राहिले. इथे दोन भूखंडांच्या रेट्यात ते वाकले. तळ्याच्या मागच्या कड्याकडे नीट बघा. थर दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरतात, खोलगट बशीसारखे. त्या बशीच्या मध्यावरच ती काळी घळ आहे, जिला वेल्शमध्ये ‘तुल डी’, म्हणजे काळं भोक, आणि इंग्रजीत ‘सैतानाचं स्वयंपाकघर’ म्हणतात. ढगाळ दिवशी तिच्यातून चुलीतून धूर निघावा तसं धुकं वर येतं.

तर सेजविक आणि डार्विन यांनी खडक बघितले, थर बघितले, जीवाश्म शोधले. पण हिमोढ, मेषशिला, ओरखडे आणि फुटके धोंडे यांच्यापैकी कशाचीही त्यांनी दखल घेतली नाही. दौरा संपवून डार्विन घरी पोचला तेव्हा बीगल जहाजावर जाण्याचं पत्र त्याची वाट बघत होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मग 1837 मध्ये स्वित्झर्लंडच्या लुई अगासीने हिमयुगाची कल्पना मांडली. आजच्या हिमनद्या हे एकेकाळच्या कितीतरी मोठ्या बर्फाचे अवशेष आहेत, असं तो म्हणत होता. 1840 मध्ये तो ब्रिटनमध्ये आला आणि स्कॉटलंडच्या दऱ्यांत त्याला तेच पुरावे दिसले. विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञाने मग वेल्समध्येही हिमनद्यांच्या खुणा असल्याचं लिहिलं. ते वाचून डार्विन 1842 च्या जूनमध्ये पुन्हा कुम इद्वलला आला. यावेळी त्याला सगळं दिसलं. त्यावर त्याने त्याच वर्षी लेख प्रसिद्ध केला. आत्मचरित्रातही त्याने ही गोष्ट सांगितली आहे. खुणा इतक्या ठसठशीत असूनही आधी आपल्याला एकही दिसली नाही, याचं त्याला नवल वाटत राहिलं. तब्येतीमुळे डोंगर चढण्याचीही ही त्याची शेवटचीच वेळ ठरली.

ही गोष्ट सहसा ‘बघा, मोठी माणसंही चुकतात’ अशा सुरात सांगितली जाते. मला तिच्यातून वेगळं काही घ्यावंसं वाटतं. 1831 ते 1842 या अकरा वर्षांत कुम इद्वलमध्ये काहीही बदललं नव्हतं. डार्विनचे डोळेही तेच होते. बदलला होता तो प्रश्न. ‘या खडकात काय आहे?’ विचारलं की खडकाच्या आतलं दिसतं. ‘हा दगड इथे कसा आला?’ विचारलं की दगडाची जागा दिसते. पहिला प्रश्न मनात असेल तर दुसऱ्याचं उत्तर पायाखाली असूनही ठेच लागण्यापलीकडे त्याची जाणीव होत नाही. संशोधनात ‘निरीक्षण करा’ असं सांगतात, ते अपुरं आहे. कशाचं निरीक्षण, हे आधी ठरावं लागतं.

तळाशी काय साचलंय

आता तिसरा प्रश्न, आणि माझं दुकान.

तळं तयार झाल्या दिवसापासून ते भरायला लागतं. ओढ्यांबरोबर माती येते, काठावरची पानं पडतात, शेवाळ मरून खाली बसतं. हवेतून परागकण येतात. हे सगळं तळाशी थरावर थर बसतं आणि सहसा ढवळलं जात नाही. थंड, ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात परागकणांचं कवच हजारो वर्षं टिकतं. समजा, पाच मीटर गाळ साचायला 11,700 वर्षं लागली. तर प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे सरासरी तेवीस-चोवीस वर्षं. बोटाच्या पेराएवढ्या गाळात जवळपास दोन पिढ्या.

तो काढायचा कसा? तळ्यावर तराफा नांगरतात आणि त्यावरून पोलादी नळी गाळात सरळ खाली दाबतात. नळीत गाळाचा दंडगोल येतो, त्याला आम्ही कोअर म्हणतो. एक मीटर, मग त्याच भोकात पुढचा मीटर, असं नळी पुढे जाईनाशी होईपर्यंत. कोअर गुंडाळून थंड खोलीत ठेवायचा. मग प्रयोगशाळेत सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप.

एका कापातला थोडा गाळ वाळवून वजन करायचा आणि भट्टीत 550 अंशांवर जाळायचा. सेंद्रिय भाग जळून जातो, उरलेल्याचं पुन्हा वजन. जेवढं घटलं तेवढं जीवसृष्टीचं, राहिलं ते दगडाचं. दुसरा भाग आम्लांनी धुऊन धुऊन सगळी माती विरघळवायची, की परागकण उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कापातले तीनशे-एक परागकण ओळखून मोजायचे. हा जुनिपर, हा बर्च, हे गवत. एका कापाला कधी अख्खा दिवस जातो. जुन्या पानांचे किंवा बियांचे तुकडे सापडले तर रेडिओकार्बनने त्यांचं वय काढता येतं. कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, या हिशोबावर.

आता यातली गंमत. हिमोढाच्या बाहेर असलेल्या एखाद्या जुन्या खळग्यातला कोअर काढला, तर तो सँडविचसारखा निघतो. सर्वात खाली राखाडी चिकणमाती, म्हणजे मोठी हिमनदी नुकतीच गेली, जमीन उघडी, झाडझाडोरा नाही. तिच्यावर तपकिरी सेंद्रिय गाळ, म्हणजे हवा उबदार झाली आणि वनस्पती आल्या. त्याच्यावर पुन्हा राखाडी चिकणमाती! आणि मग थेट वरपर्यंत तपकिरी.

मधला राखाडी थर म्हणजे पुन्हा आलेली थंडी. सुमारे 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीचा हा काळ ‘यंगर ड्रायस’ म्हणून ओळखला जातो. हिमयुग संपलं असं वाटत असतानाच उत्तर अटलांटिकभोवतीचा प्रदेश पुन्हा गारठला आणि जवळजवळ बाराशे वर्षं गारठलेलाच राहिला. एरिरीच्या कढयांमध्ये छोट्या हिमनद्या पुन्हा जागल्या, डझनांनी.

मात्र हिमोढाच्या आत, कढईच्या पोटात, कोअर काढला तर सँडविच नसतं. खाली राखाडी, वर तपकिरी, बस. कारण बाहेर चिकणमातीचा मधला थर साचत होता तेव्हा आत बर्फ बसलेला होता, त्यामुळे तळ्याची वही तेव्हा कोरीही नव्हती. ती उघडली बर्फ गेल्यावर. बाहेर तीन पानं जास्त आणि आत ती नाहीत, एवढ्यावरून मधल्या ढिगाचं वय ठरतं. लिन इद्वलकाठची ती गवताळ टेकाडं या शेवटच्या थंडीतली आहेत, हे असं कळतं. डार्विनला हिमनदी दिसली, पण ती केव्हाची हे सांगायला गाळ लागला.

आणि गाळ आणखी एक सांगतो. वरचा तपकिरी थर हळूहळू सुरू होत नाही. राखाडीतून तपकिरी होणं काही सेंटिमीटरमध्ये उरकतं. ग्रीनलंडच्या बर्फाच्या कोअरमध्येही हाच शेवट दिसतो आणि तिथे वर्षांची मोजणी जास्त बारीक करता येते. यंगर ड्रायस संपताना तिथली हवा काही दशकांत अनेक अंशांनी तापली. हवामान बदलायला हजारो वर्षं लागतात, हा आपला समज तळ्याच्या तळाशी टिकत नाही.

वरची दोन तळी

तुल डीच्या बाजूने पायऱ्या-पायऱ्यांची वाट चढून खिंडीत आलात की लिन अ कून. इथे तेच तीन प्रश्न विचारा. मागे कडा आहे का? नाही. हे तळं कढईत नाही, दोन डोंगरांमधल्या सपाटीवरच्या उथळ खळग्यात आहे. म्हणजे डोंगरातलं प्रत्येक तळं एकाच साच्यातलं नसतं, आणि प्रश्न विचारले नाहीत तर हा फरक कळत नाही. ‘मस्त तळं’ म्हणून आपण फोटो काढतो आणि पुढे जातो.

ग्लिडरच्या माथ्यावर दृश्य एकदम बदलतं. गुळगुळीत काहीच नाही, सगळीकडे फुटलेल्या शिळांचा पसारा. काही उभ्या, काही आडव्या. एके ठिकाणी तर एक लांबलचक शिळा अर्धी हवेत तरंगत असल्यासारखी, लोक तिच्यावर उभं राहून फोटो काढतात. ही कामगिरी गोठण्या-वितळण्याची. खाली हिमनदीने कातळ घासला, वर थंडीने तो फोडला. इथून दक्षिणेला अर विद्वा, उत्तरेला खाली ओग्वेन, आणि नाकासमोर ट्रवनचा 918 मीटरचा काटेरी सुळका. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांनी याच डोंगरांत सराव केला होता.

बुल्ख ट्रवन खिंडीतून उतरलात की लिन बोख्लुइड. हे तळं मी समजावणार नाही. मागे ग्लिडर वाखचा कडा, तोंडाशी उंबरठा, आणि तिथून ओढा ओग्वेन खोऱ्यात धडाधड कोसळतो. खालच्या मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल कापली, ही बाजूची कढई मात्र वरच राहिली. ‘लोंबती दरी’ हा शब्द आठवतोय का? खाली पोचल्यावर ओग्वेन तळ्यापुढची नान्ट फ्रँकनची दरी बघा. दोन्ही बाजू उभ्या, तळ रुंद आणि सपाट. भूगोलातला इंग्रजी ‘यू’.

अजून न गेलेलं हिमयुग

या वाटेवर बर्फयुगाचा एक जिवंत साक्षीदारही आहे. तुल डीच्या आसपासच्या कड्यांमध्ये गवतासारख्या पात्यांची, नाजूक पांढऱ्या फुलांची एक लिली उगवते. शास्त्रीय नाव गेजिया सेरोटिना, बोलीभाषेत स्नोडन लिली. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लुइड या वेल्श निसर्गशास्त्रज्ञाने ती नोंदवली. आर्क्टिकमध्ये, आल्प्समध्ये, आपल्या हिमालयातही ती आहे. पण सबंध ब्रिटनमध्ये ती फक्त एरिरीतल्या मोजक्या कड्यांवर उरली आहे.

का उरली, ते परागकणांनी सांगितलं. 1955 मध्ये केंब्रिजच्या हॅरी गॉडविन यांनी कुम इद्वलच्या गाळावरून इथल्या वनस्पतींचा इतिहास मांडला. हवा तापली तसे जुनिपर, बर्च, हेझल, ओक टप्प्याटप्प्याने चढत आले. थंडीच्या वनस्पतींना सावली सोसत नाही. त्या सरकत सरकत जिथे झाड उभं राहू शकत नाही अशा कड्यांच्या कपारीत गेल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे मेंढ्यांनी खालचं सगळं चरून टाकलं, कपारीपर्यंत मात्र त्यांचं तोंड पोचलं नाही. 1954 मध्ये कुम इद्वल हा वेल्समधला पहिला राष्ट्रीय निसर्ग राखीव भाग झाला. 1998 पासून कढईतून मेंढ्या बाहेर ठेवल्या आहेत आणि हेदरची झुडपं, रोवनची झाडं पुन्हा धरू लागली आहेत.

मेंढ्यांचा बंदोबस्त कुंपणाने होतो, तापमानाचा होत नाही. अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी हवा तापली तेव्हा या लिलीला वर सरकायला जागा होती. आज ती कपारीत आहे. वर माथा, माथ्याच्या वर आभाळ. हजार मीटरच्या डोंगरात चढायला आणखी किती उरतं? आल्प्स किंवा हिमालयात ती आणखी काहीशे मीटर वर जाऊ शकेल. इथे तो मार्ग संपलेला आहे. म्हणून आम्ही जेव्हा गाळातल्या त्या काही सेंटिमीटरांत बदल नेमका किती वेगाने झाला आणि कोणती वनस्पती किती वर्षांत कुठून कुठे गेली हे मोजत बसतो, तेव्हा तो केवळ जुना हिशोब नसतो. कोणाला हलायला किती वेळ लागतो आणि हलायला जागाच नसेल तर काय होतं, याची एवढी लांब नोंद दुसरीकडे फारशी मिळत नाही.

तुम्ही वेल्सला कधी जाल, न जाल. पण महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी जण हिमालयात ट्रेकला जातात आणि अशाच तळ्यांकाठी तंबू ठोकतात. पुढच्या वेळी तंबू लावून झाला, चहा हातात आला, की पाण्याकडे पाठ करून आधी कड्याकडे बघा. खळगा कुणी खणला? मग ओढा जिथून बाहेर पडतो तिथे जा. तिथे अखंड कातळ आहे की न निवडलेला ढीग? पाणी कशाने अडलं ते कळेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या डोळ्यांनी मिळणार नाही, पण एवढं करा की तळ्यात काही टाकू नका. तुम्ही टाकलेलं प्लास्टिकही त्याच वहीत नोंदलं जातं.